ही आणि हल्लीच्या नट्या

१२ फेब्रुवारी

मुलीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा लिहा." मी भिंतीशी बोलत नाही. हिच्या फोटोशी बोलतो. फोटो भिंतीवर आहे, एवढंच.

हिला जाऊन एकोणीस वर्षं झाली. जन्मभर हिचं नाव घेतलं नाही, आता वहीत कशाला लिहू? ही म्हणजे ही.

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. घरातल्या घरात काठी टेकत फिरतो. मुलगी सकाळी लोकांचे दात बघायला दवाखान्यात जाते ती संध्याकाळीच येते. आज दुपारी एक फोन आला. तरुण दिग्दर्शक आहे, आमचं जुनं नाटक पुन्हा करतोय. "काका, तालमींना बसाल का? तुमच्याइतकं ते नाटक कोणालाच पाठ नाही."

ते खरं आहे. चारशे बारा प्रयोग मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. सगळ्यांची वाक्यं तोंडपाठ आहेत, कोण कुठे खाकरायचं तेसुद्धा. विचारलं, हिची भूमिका कोण करणार? "एक मुलगी आहे, मालिकांत काम करते," म्हणाला. मी नुसतं "बरं" म्हटलं. माझ्या "बरं"चा अर्थ हिला कळला असता.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताईंनी मला सांगितलं नसतं तर..." आणि मग आवाज तुटतोय म्हणून त्यानं फोन बंद केला. कोण ताई कोण जाणे. बहीण असेल त्याची.

१७ फेब्रुवारी

पहिली तालीम. एका शाळेची व्यायामशाळा आहे, भिंतीला शिड्या, कोपऱ्यात गाद्यांची चळत. खुर्चीवर उशी ठेवून मला बसवलं. माझी जुनी संहिता बरोबर नेली होती. कोपरे खाल्लेले, पानापानावर माझी पेन्सिल. बाकीच्यांची संहिता फोनमध्ये. एकीला मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि तिसरा अंक गायब झाला.

नायिका चोवीस-पंचवीस वर्षांची आहे. एका जागी दोन मिनिटं उभी राहत नाही. मनातल्या मनात मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. आवाज म्हणाल तर शेजारच्यालाही ऐकू जाईना. दिग्दर्शक म्हणाला, "काका, कॉलरला माइक असतो हल्ली." म्हणजे नटीनं पुटपुटायचं आणि यंत्रानं ओरडायचं. हिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगेत जायचा आणि तरी वाटायचं, ही आपल्या कानाशी बोलतेय.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "पण तुम्हाला बरं वाटलं ना तिथे?" एवढंच विचारलं.

२१ फेब्रुवारी

आज तिसऱ्या अंकातली ती जागा आली. बाईला भावाचं पत्र येतं: घर विकलं, पंधरा दिवसांत निघा. ती पत्र वाचते. मग एकच वाक्य: "खिडकी लावून घ्या. वारा येतोय."

पत्र आणि वाक्य यांच्यामध्ये ही थांबायची. लोक त्या थांबण्यासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढायचे. हजार माणसं बसलेली आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही. ते हिनं कुठून आणलं मला माहीत नाही. हिला कोणी शिकवलं नव्हतं. असं एखाद्याच्याच अंगात असतं, आणि ते त्या पिढीबरोबर गेलं.

भिंगरीनं पत्र वाचलं आणि दुसऱ्या क्षणाला खिडकी लावायला सांगितली. जणू वारा खरंच येत होता.

२७ फेब्रुवारी

रंगभूषा करायला आमच्या वेळचाच रंगवाला आहे. वय सत्तरच्या पुढे, हात अजून थरथरत नाही. चहा पिता पिता मी त्याला म्हटलं, "तेव्हाच्या नटांची सर आताच्यांना नाही."

तो म्हणाला, "तेव्हाचे म्हणजे कोण? नावं घे."

मी पाच नावं घेतली.

"मी तेव्हा दीडशे तोंडं रंगवली. तुला पाच आठवतात. उरलेले काय झाले? त्यातले कित्येक असे होते की रंग पुसला की नट कुठला आणि पडदा ओढणारा कुठला, कळायचं नाही. त्यांना तू विसरलास. आता समोर आहेत ते सगळेच्या सगळे तुला दिसतात, वाईटसुद्धा. मग तुलना कशी जमणार?"

मी म्हटलं, "आणि ही?"

तो कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनींचं वेगळं."

म्हणजे मान्य केलंच ना.

४ मार्च

भिंगरी आज एक तास आधी आली. शूटिंग संपवून थेट, डोळ्यांना अजून काजळ होतं. म्हणाली, "काका, मला ती जागा शिकवा. काकू कशा करायच्या?"

मला फार बरं वाटलं. तासभर बोललो. ही प्रयोगाच्या आधी तीन तास थिएटरात येऊन बसायची, कोणाशी बोलायची नाही, हे सांगितलं. "मला एवढा वेळ कोणी देत नाही हो," ती म्हणाली, पण लिहून घेत होती. मग तिनं करून दाखवलं. पत्र वाचलं आणि थांबली. हात मागे होते, पण मला दिसलं: बोटांवर मोजत होती.

मी म्हटलं, "तू थांबत नाहीयेस, पोरी. कधी संपतंय याची वाट बघतेयस. हिनं चारशे प्रयोगांत एकदाही मोजलं नाही. हे तुझ्या अंगात नाही, त्याला तू तरी काय करणार?"

तिनं वही पिशवीत घातली. तालमीत तिची वाक्यं चुकत राहिली.

खरं तेच बोललो. आम्हाला तर याहून कडक बोलायचे.

५ मार्च

जेवताना मुलीला कालचं सांगितलं, मी काय म्हणालो तेही. तिनं चमचा खाली ठेवला. ताट तसंच ठेवून खोलीत गेली. डोकं दुखत असेल. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे मान धरतेच.

९ मार्च

तीन तालमी झाल्या, भिंगरी आलेली नाही. आज दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. "काका, ती सोडतेय म्हणते. तिला वाटतंय तिच्यात ते नाहीच. तुम्ही काही बोललात का तिला?"

मी म्हटलं, नाटक सोडायचं असेल तर माणूस काहीही कारण सांगतं.

तो मग म्हणाला की आमच्या जुन्या ध्वनीवाल्याच्या घरात एक कॅसेट सापडली आहे. शंभराव्या प्रयोगाची, अख्ख्या नाटकाची. त्याच्या सुनेनं जपून ठेवली होती.  हिचा आवाज कुठेच नाही, मी समजत होतो. एकोणीस वर्षांत फोटोच तेवढे.

"ती मुलगीही ऐकू दे," मी म्हणालो. "ऐकलं की कळेल तिला."

१३ मार्च

आज ऐकली. इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो.

भिंगरी आली होती. दाराजवळ बसली, निघायला सोपं पडेल अशी. दिग्दर्शकानं कॅसेट फोनमध्ये उतरवून घेतली होती. आधी नुसती खरखर, मग घंटा, मग लोकांचा गलका, मग ही.

आवाज बारीक होता. मला आठवतो तो भरदार, याच्याहून खालच्या पट्टीतला. आणि केवढी घाई. पहिल्या अंकात दोन वाक्यं एकात एक घुसली. एका विनोदाला कोणी हसलं नाही. मला वाटलं, उतरवताना कॅसेट जोरात फिरली असेल. दिग्दर्शक म्हणाला, बरोबर फिरली होती.

मग पत्र. मग ते थांबणं. मी डोळे मिटले होते. आणि त्या शांततेत एक माणूस कुजबुजला, "खिडकी." थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं, "खिडकी लावून घ्या." प्रेक्षकांतून कोणीतरी खोकलं. खुर्ची सरकली. चार पावलं वाजली. मग ही म्हणाली, "खिडकी लावून घ्या. वारा येतोय."

कुजबुजणारा माणूस मी होतो. ही वाक्य विसरली होती.

 मला उठून जायचं होतं, पण गुडघ्यामुळे पटकन उठता येत नाही. तेवढ्यात भिंगरी दाराजवळून उठून फोनपाशी आली. "परत लावा ना." परत लावलं. ती खाली बसून ऐकत होती. म्हणाली, "काका, तुम्ही कुठल्या बाजूला बसायचात?"

"डाव्या."

"आणि खिडकी?"

"डावीकडेच. माझ्या पुढ्यात."

"मग बघा ना. त्यांना वाक्य आठवत नाहीये, तुमचा आवाज पोचत नाहीये. तर त्या उठल्या आणि ऐकायला तुमच्याकडे चालत आल्या. आणि लोकांना वाटलं, बाई खिडकीशी गेली. मी असते तर तिथेच रडले असते. काय बाई होत्या हो." तिचे डोळे भरले होते.

मला मात्र फक्त माझीच कुजबुज ऐकू येत होती.

१४ मार्च

सकाळपासून संहिता घेऊन बसलोय. त्या पानावर माझीच पेन्सिल आहे: "इथे थांबते. उठून खिडकीशी. प्रॉम्प्ट नको." खाली तारीख, शंभराव्या प्रयोगानंतरच्या आठवड्याची. म्हणजे हिनं ती चूक ठेवून घेतली, पुढे तीनशे वेळा केली. आणि मला हे माहीत होतं. मीच लिहिलंय. मग मी विसरलो कधी?

रंगवाल्याला फोन केला. "ही वाक्यं विसरायची का रे?"

"विसरायच्या की. सगळेच विसरायचे. नाहीतर तुला कशाला ठेवला असता?"

फोटोपुढे उभा राहिलो. आज काही बोलावंसं वाटेना.

१६ मार्च

मुलीला कॅसेटचं सांगितलं नव्हतं. आज ती आपण होऊन म्हणाली, "मला ऐकवा." तिला कोणी सांगितलं कळलं नाही. दिग्दर्शकानं ते माझ्याही फोनवर पाठवलं होतं. मी फोन ओट्यावर ठेवला. ती भांडी पुसत होती. हिचा आवाज आला तशी हात थांबवून उभी राहिली, शेवटपर्यंत उभीच. ती जागा आली आणि गेली.

"आई विसरली," ती म्हणाली.

"त्या दिवशी विसरली."

"बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं, ती कधीच विसरली नाही."

मी म्हटलं, "कधी सांगितलं?"

ती सांगत गेली, आवाज न चढवता. एकोणीस वर्षांची होती, ही जाऊन वर्षही झालं नव्हतं. कॉलेजच्या नाटकात तिला मोठी भूमिका मिळाली होती. दुसऱ्या प्रयोगात ती वाक्य विसरली आणि तशीच उभी राहिली, पडदा पाडावा लागला. मी टॅक्सीतून घरी आणलं. वाटेत मी एकच वाक्य बोललो: "तुझी आई चारशे प्रयोगांत एकदाही विसरली नाही." त्यानंतर ती रंगमंचावर गेली नाही.

मला टॅक्सी आठवते. पाऊस होता की नव्हता ते आठवत नाही. वाक्य तर अजिबात आठवत नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की परीक्षेसाठी सोडलं. लोकांना कौतुकानं सांगायचो, आमची मुलगी शहाणी, नाटकाचं खूळ वेळेत उतरलं.

"मी खोटं बोललो नाही गं," मी म्हणालो. "मला तसंच आठवत होतं."

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच मी कधी भांडले नाही." मग पुढचं ताट घेऊन पुसायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "ते मला पाठवा. आईचा आवाज." मला पाठवता येत नाही. तिनंच माझ्या हातातून फोन घेऊन पाठवून घेतला.

तिचं वय आता अडतीस.

१९ मार्च

भिंगरीचा पत्ता दिग्दर्शकाकडून घेतला आणि जिथे तिचं शूटिंग चालतं तिथे गेलो. पत्र्याची मोठी शेड, आत खोटं घर. जिना पाच पायऱ्यांचा, पुढे काही नाही. मला एका पेटीवर बसवलं.

तिच्या हातात तीन पानं दिली, शाई अजून ओली असेल अशी. एक बाई केस विंचरतेय, एक माणूस पाठीला माइक चिकटवतोय, आणि ही मुलगी ओठ हलवत ती पानं डोक्यात घालतेय. दहा मिनिटांत उभी राहिली. बापाचं घर सोडून जायचा प्रसंग होता. न चुकता बोलली आणि रडली. मग कॅमेरा दुसरीकडे हलवला, पुन्हा तेच, त्याच शब्दावर तेच रडणं. सहा वेळा. विंग नाही, प्रॉम्प्टर नाही, प्रेक्षक नाही. समोर एक माणूस पाव खात उभा.

हिला हे जमलं असतं का? हिला नवं पान पाठ व्हायला आठवडा लागायचा, मी रोज घासून घ्यायचो. हा प्रश्न मला याआधी कधी पडला नव्हता. पडल्यावर वाईट वाटलं, जणू हिच्या मागे हिची चुगली केली.

ती मोकळी झाल्यावर म्हटलं, "पोरी, त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं खोटं आहे ते. परत ये."

ती डोळे पुसत होती, ते मघाचंच पाणी होतं. म्हणाली, "आता उगाच चांगलं म्हणू नका हं मला."

"नाही म्हणणार. आवाज अजून कोणाला ऐकू जात नाही तुझा."

ती हसली. परवापासून येते म्हणाली.

२ एप्रिल

दोन आठवडे लिहिलं नाही. तालमी रोज आहेत, आणि सकाळी मुलगी दवाखान्यात जायच्या आधी मला जिना चढ-उतार करायला लावते.

भिंगरी ती जागा हिच्यासारखी करत नाही. पत्र वाचते, नीट चार घड्या घालते, आणि टेबलावरचे कप उचलायला लागते. कप उचलता उचलता खिडकीचं वाक्य. मला पटलं नाही. बाईचं घर जातंय आणि ती कप आवरतेय? पेन्सिल हातात घेतली होती. काय लिहावं सुचेना, तेव्हा परत खिशात ठेवली.

घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "आई गेली त्या दिवशी तुम्हीसुद्धा कपच विसळत होतात, बाबा."

मला आठवत नाही. आता माझ्या आठवणीवर मी पैज लावत नाही.

११ एप्रिल

काल पहिला प्रयोग झाला. सकाळी उठून लिहितोय.

थिएटरात गेलो तर विंगेत माझं स्टूल नव्हतं. दिग्दर्शक चाचरत म्हणाला, "काका, प्रॉम्प्टिंग लागणार नाही. तुमची सीट सहाव्या रांगेत ठेवलीय." मला राग आला. घरी निघून जायचंच मनात होतं. पण शेजारच्या सीटवर मुलगी येऊन बसली होती. वीस वर्षांत ती कुठल्या नाटकाला आली नव्हती. दिग्दर्शक तिला "ताई, आलात ना" म्हणाला. दोघांची ओळख आहे हे मला माहीत नव्हतं. मग मी बसलो.

पडदा वर गेला आणि मला काही ओळखू येईना. मला वाटलं, नेपथ्य बदललंय. मग लक्षात आलं की तेच टेबल, त्याच खुर्च्या, मीच सांगितल्याप्रमाणे मांडलेल्या. फक्त मी समोर बसलो होतो.

मध्यंतरात मुलीला म्हटलं, "हे नाटक मी समोरून कधी पाहिलंच नाही."

"चारशे बारा प्रयोगांत?"

"एकदाही नाही. मी स्टुलावर असायचो. हिची डावी बाजू तेवढी माहीत. डावा कान, मानेवरचा घाम. वाक्याआधी ही श्वास घ्यायची तोसुद्धा ऐकू यायचा. चेहरा लोकांकडे."

 तिसरा अंक सुरू झाला. भिंगरीनं पत्राला घड्या घातल्या, कप उचलले. माझ्या मागे कोणीतरी नाक ओढलं. शेवटी लोक उभे राहिले, मीही काठी धरून उभा राहिलो. रंगवाला वाटेत भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "काय मग, कोण मोठी?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस. एकीला मी बाजूनं पाहिलंय, एकीला समोरून."

बाहेर पायऱ्यांवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मुलगी लहान असताना हिच्या प्रयोगांना पुढच्या रांगेत बसायची, शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन. मी तिला विचारलं, "तुझी आई समोरून कशी दिसायची?"

ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "लहान दिसायची, बाबा. रंगमंच केवढा मोठा आणि त्यात आई एवढीशी. दिवे लागले की आधी शोधावी लागायची. मग सापडायची."

मला हिला कधी शोधावं लागलं नाही. हात लांब केला असता तर बाहीला लागला असता. ही एवढीशी होती हे काल पहिल्यांदा कळलं. आता ते बघायला कुठे जाऊ?